रील आजीचं, पासवर्ड नातवाचा

‘दे इकडे, मी करून देते.’ हे वाक्य तुम्ही या आठवड्यात किती वेळा म्हणालात, जरा मोजा. आईला गॅस बुक करायचा होता, बाबांना फॅमिली ग्रुपवर फोटो टाकायचा होता, आजोबांना पेन्शनसाठी हयातीचा दाखला ऑनलाइन द्यायचा होता. आपण फोन ओढून घेतला, चार सेकंदांत काम उरकलं आणि फोन परत दिला. त्या चार सेकंदांत आपला अंगठा इतका भरभर फिरला की स्क्रीनवर काय झालं हे समोरच्याला दिसलंही नाही. पुढच्या वेळी ते पुन्हा आपल्याकडेच येणार आणि आपण वैतागून म्हणणार, ‘अगं, किती वेळा सांगितलंय!’ सांगितलेलं नसतंच. करून दिलेलं असतं.

कात्रजमध्ये राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. संध्याकाळी ऊन उतरलं की तलावाच्या बाजूला, सुखसागरनगर-संतोषनगरच्या सोसायट्यांखाली, दुकानांच्या पायऱ्यांवर ज्येष्ठांच्या मैफली जमतात. बहुतेकांच्या हातात स्मार्टफोन असतो. एकाच्या फोनवर मोठ्या आवाजात कीर्तन चालू, दुसरे काका शेजाऱ्याला राजकारणावरचा व्हिडिओ दाखवतायत, पलीकडे दोन काकू एकाच स्क्रीनवर मोदकांची रेसिपी बघतायत. ‘म्हातारी माणसं ऑनलाइन नाहीत’ ही तक्रार आता जुनी झाली. ती आहेत, आणि तासन् तास आहेत, पण प्रेक्षक म्हणून. त्यांच्याकडे सांगण्यासारखं भरपूर आहे आणि ते सांगायचं यंत्र हातातच आहे. त्या यंत्रातून बोलायला शिकवायचं काम मात्र कुणाचंच नाही. आपण ज्येष्ठांना डिजिटल जगाचं गिऱ्हाईक व्हायला शिकवतोय, तिथे स्वतःची गोष्ट सांगायला नाही. यात त्यांचं नुकसान आहे, तसंच ते कात्रजचंही आहे.

साठीला दार बंद

आधी सरकारी बाजू बघू. केंद्र सरकारने 2017 मध्ये प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान सुरू केलं. सहा कोटी ग्रामीण घरांतल्या प्रत्येकी एका माणसाला डिजिटल साक्षर करायचं, असं उद्दिष्ट होतं. मार्च 2024 मध्ये योजना संपली तेव्हा सरकारी आकड्यानुसार 6.39 कोटी लोकांनी प्रशिक्षण घेतलं होतं. आकडा दणदणीत आहे. आता पात्रतेची अट वाचा: वय 14 ते 60.

आपल्या देशात ज्येष्ठ नागरिक कोणाला म्हणायचं, हे 2007 च्या पालक आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहविषयक कायद्याने ठरवलंय. तिथलं वय आहे 60. म्हणजे ज्या वयात कायदा तुम्हाला ‘ज्येष्ठ’ म्हणायला लागतो, त्याच वयाशी देशातल्या सगळ्यात मोठ्या डिजिटल साक्षरता योजनेचं दार बंद होत होतं. शिवाय योजना फक्त ग्रामीण भागासाठी. कात्रज महापालिकेत, त्यामुळे तसंही बाहेर. शेजारच्या भिलारेवाडी, जांभूळवाडी, मांगडेवाडी, गुजर-निंबाळकरवाडी या गावांचा किस्सा तर आणखी भारी. ही गावं 2021 मध्ये पुणे महापालिकेत आली. तिथल्या 65 वर्षांच्या आजी 2021 च्या आधी ग्रामीण होत्या पण वयात बसत नव्हत्या. 2021 नंतर त्या ग्रामीणही राहिल्या नाहीत.

मोजणीतही तेच. देशाच्या आरोग्याचं मोठं सर्वेक्षण म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण. 2019-21 च्या फेरीत ‘तुम्ही कधी इंटरनेट वापरलंय का?’ हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला, आणि त्याचे जे आकडे सगळीकडे छापले जातात ते 15 ते 49 वयोगटाचे आहेत. सर्वेक्षण मुळात माता-बाल आरोग्याभोवती बांधलेलं असल्यामुळे ते समजू शकतं. पण मग आजीचा इंटरनेट कोण मोजणार? 2022 पासूनच्या ‘उल्लास’ कार्यक्रमात वरची वयोमर्यादा नाही आणि डिजिटल साक्षरताही आहे, पण तो मुळात शाळेत न गेलेल्यांसाठी आहे. कात्रजमधले निवृत्त कंडक्टर, शिक्षिका, दूध संघातले कर्मचारी त्यात कुठे बसणार?

ही सगळी माणसं डिजिटल व्यवस्थेला नको आहेत असं नाही. काही बाबतीत ती फारच हवी आहेत. 2014 पासून पेन्शनरांसाठी ‘जीवन प्रमाण’ आहे, 2021 पासून चेहरा ओळखून घरबसल्या हयातीचा दाखला देता येतो. सोय उत्तम आहे, बँकेत रांगेत उभं राहण्यापेक्षा कितीतरी बरी. तरी मला त्यातली गंमत सोडवत नाही. एवढ्या मोठ्या व्यवस्थेला ज्येष्ठांकडून मोबाइलवर वर्षातून एकच वाक्य ऐकायचं असतं: मी जिवंत आहे. त्यापुढे बोलायची सोय नाही.

फसवणूकही एक गोष्टच असते

ज्येष्ठांसाठी डिजिटल शिबिर म्हटलं की हल्ली विषय ठरलेला असतो, सायबर फसवणूक. गरज आहेच. 27 ऑक्टोबर 2024 च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधान ‘डिजिटल अरेस्ट’वर बोलले, 1930 हा हेल्पलाइन नंबर आता कॉलर ट्यूनमुळे आपल्याला पाठ झालाय. ऑक्टोबर 2025 मध्ये हरियाणातल्या अंबाल्याच्या एका वृद्ध दांपत्याच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने या प्रकाराची स्वतःहून दखल घेतली आणि डिसेंबरमध्ये तपास सीबीआयकडे दिला.

पण या शिबिरांमध्ये काय शिकवतात? लिंकवर क्लिक करू नका. ओटीपी देऊ नका. अनोळखी कॉल घेऊ नका. सगळे ‘नका’च. शिबिरातून घरी येणारा माणूस शहाणा होण्यापेक्षा घाबरलेला असण्याची शक्यता जास्त. आणि घाबरलेल्या माणसालाच तर हे लोक गाठतात.

2024 मधलं एस. पी. ओसवाल यांचं प्रकरण आठवा. वर्धमान या मोठ्या वस्त्रोद्योग समूहाचे प्रमुख, वय 82. त्यांना सात कोटींना फसवलं गेलं. चोरांनी काय केलं? सर्वोच्च न्यायालयाची ऑनलाइन सुनावणीच रंगवली, त्यात एकाने चक्क सरन्यायाधीशांचं सोंग घेतलं. उद्योगसमूह चालवणाऱ्या माणसाला बटणं दाबता येत नव्हती असं कोण म्हणेल? समोर नाटक उभं होतं. नेपथ्य होतं, वेशभूषा होती, संवाद पाठ केलेले होते, आणि प्रेक्षकाला उठून बाहेर जायची परवानगी नव्हती.

माध्यमांच्या वर्गात आम्हाला पहिल्या सेमिस्टरला कळतं की फ्रेममध्ये दिसतं तेवढंच खरं नसतं, कारण ती फ्रेम आम्हीच लावलेली असते. मागची भिंत आम्ही निवडतो, आवाज नंतर जोडतो. ज्याने एकदा स्वतःच्या लग्नाच्या फोटोवर स्वतःचा आवाज चढवलाय, त्याला चित्र एकीकडचं आणि आवाज दुसरीकडचा असू शकतो हे पोस्टर वाचून शिकावं लागत नाही. हे माझं मत आहे, कुठल्या संशोधनाचा निष्कर्ष नाही. पण मला खात्री वाटते की ‘नका’च्या वीस सूचनांपेक्षा व्हिडिओ एडिट करण्यात घालवलेली एक दुपार ज्येष्ठांना जास्त सावध करेल. पडद्यामागे जाऊन आलेल्या माणसाला पोलिस ठाण्याचा पडदा लगेच ओळखू येतो.

‘लेखक अज्ञात’

आता तुमच्या फॅमिली ग्रुपवर या. सकाळी गुलाबाच्या फुलावर ‘शुभ प्रभात’. 2018 च्या सुमारास तर भारतातल्या या गुड मॉर्निंग चित्रांनी फोन इतके भरायला लागले की गूगलने ती शोधून उडवायची सोय आपल्या ॲपमध्ये दिली. त्यानंतर येतो एक लांबलचक मजकूर: जुन्या वाड्यातली दिवाळी, चाळीतला शेजार, आईच्या हातची भाकरी. खाली लिहिलेलं असतं ‘लेखक अज्ञात’ किंवा ‘साभार’, नाहीतर पु. ल. देशपांडे, व. पु. काळे यांच्यापैकी एखादं नाव, ज्यांनी ते कधीच लिहिलेलं नसतं. आपण तो न वाचता वर सरकवतो.

पाठवणाऱ्याने तो का पाठवला, याचा विचार केलाय? त्यात त्यांचं काहीतरी आहे म्हणून. ती दिवाळी त्यांनी पाहिलीय, ती भाकरी खाल्लीय. स्वतःच्या शब्दांत सांगता आलं नाही, म्हणून दुसऱ्याचा तयार मजकूर पुढे ढकलला. फॉरवर्ड म्हणजे पुष्कळदा न सांगता आलेली स्वतःची गोष्ट असते.

आपल्या पुणे जिल्ह्यातच याच्या नेमकं उलट उदाहरण आहे, आणि ते जगभर नावाजलेलं आहे. हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइटवां या दोघांनी मुळशी आणि आसपासच्या डोंगराळ भागात काम करताना बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. काम वाढत महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांपर्यंत पोचलं आणि एक लाखाहून जास्त ओव्या जमा झाल्या. आधी हाताने उतरवून घेतल्या, नव्वदच्या दशकात ध्वनिमुद्रणं झाली. 2017 पासून हा खजिना ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहावर टप्प्याटप्प्याने येतोय.

तिथलं कुठलंही पान उघडा. ओवीच्या खाली गायिकेचं नाव असतं. गाव, तालुका, वय, मुलं किती, काम काय. ‘अज्ञात’ नाही. यातल्या अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं, तरी सासुरवास, माहेर, भाऊ, पंढरपूर, बाबासाहेब आंबेडकर, सगळ्यांबद्दल त्यांनी स्वतःचं म्हणणं रचलं होतं. गावात विजेची गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं आणि ओवी म्हणायची जागाच गेली. ओवी हे त्या काळचं सोशल मीडियाच होतं असं कुणी म्हटलं तर मला ते जरा ओढूनताणून वाटेल, पण एक साम्य नाकारता येत नाही. हात कामात असताना, पहाटेच्या अंधारात, बाई स्वतःबद्दल स्वतः बोलत होती. आज त्याच बाईची सून किंवा नात हातात कॅमेरा, माइक आणि इंटरनेट असलेलं यंत्र घेऊन बसलीय आणि दुसऱ्याचं ‘साभार’ पुढे पाठवतेय.

रील कोणाचं?

‘पण हल्ली तर सगळीकडे आजींचे रील असतात,’ असं तुम्ही म्हणाल. असतात, आणि काही फार सुंदर आहेत. नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे यांचं ‘आपली आजी’ हे यूट्यूब चॅनल तुम्ही पाहिलं असेल. 2020 मध्ये, लॉकडाउनच्या सुमारास, शाळकरी नातू यशने आजीच्या रेसिपी शूट करायला घेतल्या. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर संकोचणाऱ्या, सत्तरीतल्या आजी बघता बघता लाखो लोकांच्या झाल्या. त्यांच्या कारल्याच्या भाजीचा व्हिडिओ तुफान चालला. आजी सांगणार, नातू शूट करणार, अशी ही दोन पिढ्यांची भागीदारी होती आणि तिचं श्रेय दोघांनाही आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चॅनल हॅक झालं. काही दिवसांनी ते परत मिळालं, पण तेवढ्या दिवसांत एक गोष्ट महाराष्ट्रभर कळली: हातची चव आजीची असली तरी चॅनल म्हणजे शेवटी एक लॉगिन असतं. ते गेलं की सगळं गेलं.

म्हणून प्रश्न विचारायला हवा. तुमच्या घरातल्या आजीचं रील तुम्ही तुमच्या अकाउंटवर टाकता तेव्हा ते कोणाचं असतं? फॉलोअर तुमचे, कमेंट तुम्ही वाचता, नको ती कमेंट आली तर आजीला कळतही नाही. आणि उद्या तिला ते काढून टाकावंसं वाटलं तर? तिला तुम्हाला विनंती करावी लागेल. याहून वाईट प्रकार म्हणजे आजीला मुद्दाम ‘स्क्विरल’ किंवा ‘क्रोसाँ’ म्हणायला लावून तिची फजिती शूट करायची. हसणाऱ्या इमोजींचा पाऊस पडतो. आजीही हसते, कारण नातवंडं हसतायत. पण तीन लाख अनोळखी लोक आपल्याला हसतायत, हे तिला सांगितलेलं असतं का? तिची संमती घ्यायची तर तिला व्ह्यूज, शेअर, पब्लिक, प्रायव्हेट म्हणजे काय हे आधी कळायला हवं. ते शिकवल्याशिवाय घेतलेल्या होकाराला काही अर्थ नाही.

जगात याचं उलटं उदाहरण फार आधी होऊन गेलंय. 2006 मध्ये, यूट्यूबला जेमतेम दीड वर्ष झालं असताना, पीटर ओकली नावाच्या 78 वर्षांच्या ब्रिटिश आजोबांनी वेबकॅमसमोर बसून पहिला व्हिडिओ टाकला. नाव दिलं ‘फर्स्ट ट्राय’, पहिला प्रयत्न. अकाउंटच्या नावात स्वतःच्याच म्हातारपणाची थट्टा आणि जन्मवर्ष 1927. दुसऱ्या महायुद्धात ते रडारवर काम करायचे, पत्नी गेल्यानंतर एकटे राहत होते. पुढच्या काही व्हिडिओंत ते सावकाश, आजोबांच्याच चालीत, आपलं आयुष्य सांगत गेले. काही आठवड्यांत ते यूट्यूबवरचे सर्वाधिक सबस्क्रायबर असलेले माणूस झाले! 2014 मध्ये ते गेले तोवर चारशेहून अधिक व्हिडिओ झाले होते. ते चालले कारण तिथे कुणी नातू ‘आजोबा, हे बोला’ म्हणत नव्हता. काय सांगायचं, कुठे थांबायचं आणि कधी कॅमेरा बंद करायचा, हे तेच ठरवत होते.

एकट्याला जमत नसेल तर शिकवताही येतं. ‘डिजिटल स्टोरीटेलिंग’ हा शब्द आज जाहिरात कंपन्या वापरतात, पण तो रुजला नव्वदच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या जो लॅम्बर्ट आणि डेना ॲचली यांच्या कार्यशाळांमधून. तिथून ही पद्धत वेल्समध्ये नेली फोटोग्राफर डॅनियल मेडोज यांनी. (हा गृहस्थ 1973 मध्ये एक जुनी डबलडेकर बस घेऊन देशभर हिंडला होता आणि लोकांचे फोटो काढून त्यांना फुकट देत होता. पुण्यात असता तर स्वारगेटला पहिला थांबा घेतला असता.) बीबीसीबरोबर त्यांनी 2001 ते 2008 गावोगाव कार्यशाळा घेतल्या. त्यांचं माप साधं होतं: साधारण अडीचशे शब्द, डझनभर फोटो, दोन मिनिटं. आधी सगळे गोल करून बसतात आणि एकमेकांची गोष्ट ऐकतात. मग ज्याची गोष्ट, तोच लिहितो, तोच वाचतो, तोच फोटो निवडतो. शिकवणारा शेजारी बसतो.

बोटांची भानगड

शेजारी बसणं ऐकायला सोपं वाटतं, करून बघा! दहाव्या मिनिटाला तुमचा हात आपोआप त्यांच्या फोनकडे जाईल. म्हणून पहिला नियम: स्वतःचे हात मांडीखाली घ्या. खरंच. बोटाने दाखवा, पण त्यांच्या स्क्रीनला हात लावू नका.

आणि चिडण्याआधी हे समजून घ्या. टचस्क्रीनला बोटाच्या त्वचेतून विजेचा किंचित बदल जाणवावा लागतो. वय वाढलं की त्वचा कोरडी होते, मग पहिला स्पर्श फोनला कळतच नाही. काकू जोरात दाबतात, बोट जास्त वेळ टेकतं आणि फोन त्याला ‘लाँग प्रेस’ समजतो. आयकॉन हलायला लागतात, ॲप काढून टाकू का असं विचारलं जातं, काकू घाबरून ‘हो’ दाबतात. ‘आईने पुन्हा व्हॉट्सॲप उडवलं’ यामागे आईचा बावळटपणा नसतो. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी या भागात ‘टच अँड होल्ड डिले’ आहे, तो ‘लाँग’ करा. अक्षरं मोठी करा. निम्मी भांडणं तिथेच मिटतील.

टायपिंगने सुरुवात करूच नका. गूगलने ऑगस्ट 2017 मध्येच मराठीत बोलून लिहायची सोय दिली, कीबोर्डवरच्या माइकच्या चिन्हावर दाबलं की झालं. ज्येष्ठांचं मराठी आपल्यापेक्षा स्वच्छ असतं, त्यामुळे त्यांचं बोलणं ते ॲप बऱ्याचदा जास्त नीट पकडतं, हा जरा अपमानास्पद अनुभव घ्यायची तयारी ठेवा. त्याच्याही आधी व्हॉइस रेकॉर्डर. फक्त आवाज, चेहरा नाही. चेहऱ्याचा संकोच ही मोठी अडचण असते, विशेषतः बायकांना. मग एक जुना फोटो समोर ठेवून त्याबद्दल एक मिनिट बोलायचं. मग तो फोटो आणि तो आवाज जोडायचा. एवढं झालं की ती गोष्ट तयार झाली.

आणखी एक अडचण आहे, ती कौशल्याची नाही. घरातला सगळ्यात वाईट फोन कोणाकडे असतो? तुम्ही नवीन घेतला की जुना बाबांना, त्यांचा त्याहून जुना आईला आणि काच तडकलेला, स्टोरेज भरलेला, अपडेट बंद झालेला आजीला. त्या फोनमध्ये दोन मिनिटांचा व्हिडिओ शूट होत नाही आणि आपण म्हणतो आजीला जमत नाही.

कात्रजच्या गोष्टी कोण सांगणार?

आता हे कात्रजमध्येच का बोलायचं, ते सांगते. आपल्यापैकी बऱ्याच जणांसाठी कात्रज म्हणजे ट्रॅफिक, रखडलेला कोंढवा रस्ता, कॉलेज आणि के-टू-एस ट्रेक. पण अठराव्या शतकाच्या मध्यात नानासाहेब पेशव्यांनी इथल्या तलावाचं पाणी जमिनीखालच्या दगडी नळातून शहरात शनिवारवाड्यापर्यंत नेलं होतं. पेठांमधले हौद त्यावर भरायचे. हे पुस्तकात मिळेल. पुस्तकात न मिळणाऱ्या गोष्टी मात्र बाकावर बसलेल्यांकडे आहेत. बायपासचा नवा बोगदा नव्हता तेव्हा साताऱ्याकडची सगळी वाहतूक जुन्या घाटातून जायची, त्या घाटात गाडी बंद पडली की काय व्हायचं? 1986 मध्ये सर्पोद्यान सुरू झालं तेव्हा शेजारच्या वस्तीला काय वाटलं असेल? पेशवे पार्कातले प्राणी इकडे आणले तेव्हा कोण बघायला गेलं होतं? दूध संघात पहाटे कॅन घेऊन येणारे शेतकरी कुठल्या गावचे होते आणि त्यांची शेतं आता कुठल्या सोसायटीखाली आहेत? डिसेंबर 2006 मध्ये देशातली पहिली बीआरटी याच सातारा रस्त्यावर धावली, तेव्हा पहिल्या दिवशी ती चालवणारा ड्रायव्हर घरी जाऊन काय म्हणाला?

पुढे स्वारगेट-कात्रज भुयारी मेट्रो होईल, तिला ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राची मंजुरी मिळालीय. तेव्हा पुन्हा सगळं खणलं जाईल, आणि ‘इथे आधी काय होतं’ सांगणारे आणखी कमी झालेले असतील. हे काम संग्रहालयाने करावं म्हणून थांबलो तर राहिलंच. महापालिकेची विरंगुळा केंद्रं आहेत, ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, हाकेच्या अंतरावर हजारो विद्यार्थ्यांचं विद्यापीठ आहे. एनएसएसचे तास भरायला आपण दरवर्षी भिंती रंगवतो. त्यातले दहा तास एका आजोबांच्या शेजारी बसून घालवले तर कुठल्या नियमात अडतंय? कॉलेजने आणि नगरसेवकाने याचं उत्तर द्यायला हवं.

शिवाय सगळं आठवणींचंच असायला हवं असंही नाही. कात्रज चौकात रस्ता ओलांडणं हे 70 वर्षांच्या माणसासाठी काय दिव्य आहे, ते आपण बाइकवरून बघून कळत नाही. तो अनुभव चाळीस सेकंदांत शूट करून महापालिकेच्या तक्रार ॲपवर आणि सोशल मीडियावर टाकता येणारे दहा ज्येष्ठ एका प्रभागात असले, तर फुटपाथवरची बैठक वेगळी होईल. गोंडस आजोबा व्हायरल होणं सगळ्यांना आवडतं. तक्रार करणारे आजोबा व्हायरल झाले तर अधिकाऱ्यांना फोन करावा लागतो.

धोके आहेत, ते लपवण्यात अर्थ नाही. ‘आम्ही आठ दिवस काश्मीरला’ अशी पोस्ट म्हणजे चोराला निमंत्रण. सुनेच्या तक्रारी पब्लिक पोस्टमध्ये गेल्या तर घरात महाभारत. कमेंटमध्ये शिव्या येतात, ‘तुमचं चॅनल मॉनेटाइज करून देतो’ म्हणणारे ठग येतात. म्हणून पब्लिक आणि प्रायव्हेटचा फरक पहिल्याच दिवशी, टू-स्टेप व्हेरिफिकेशन दुसऱ्या दिवशी. अकाउंट त्यांच्याच नावाने, त्यांच्याच नंबरवर. पासवर्ड त्यांच्या अक्षरात वहीत लिहिलेला, वही कपाटात. सायबरतज्ज्ञ नाक मुरडतील, पण साठ वर्षं दागिने आणि एफडीच्या पावत्या सांभाळलेल्या माणसाला वही सांभाळता येते.

आणि एक अवघड विषय, जो घरात कुणी काढत नाही. त्यांच्यानंतर या सगळ्याचं काय? फेसबुकवर ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ नेमता येतो, गूगलमध्ये ठरावीक काळ अकाउंट वापरलं गेलं नाही तर काय करायचं हे आधीच सांगून ठेवता येतं. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानेही आपल्या माघारी हे अधिकार वापरण्यासाठी माणूस नेमायचा हक्क दिलाय. बँकेत नॉमिनी लावणाऱ्या पिढीला ही कल्पना आपल्यापेक्षा लवकर कळेल. कोणाला नेमायचं ते त्यांना ठरवू द्या. तुमचंच नाव येईल असं धरून चालू नका.

पहिली गोष्ट तयार झाली की तुम्हाला ती लगेच शेअर करावीशी वाटेल. थांबा आणि विचारा: कुठे टाकायची? पुष्कळ जण म्हणतील, कुठेच नको, असू दे फोनमध्ये. काही म्हणतील, फक्त अमेरिकेतल्या ताईला पाठव. अशा वेळी ‘पाठव’ म्हणून फोन तुमच्यापुढे केला जाईल. तो घेऊ नका. हिरव्या बाणाचं बटण उजवीकडे खाली आहे, एवढंच सांगा.